सावलीची धार

कल्पित कथांमधल्या शस्त्रांत मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती मालकाच्या स्वतःच्या सावलीतून घडवलेल्या शस्त्राची. माणूस पायाशी वाकतो, जमिनीवर पसरलेली आपली सावली उचलतो, आणि ती त्याच्या हातात तलवार होते, भाला होते, फास होते. मंगा नावाच्या जपानी चित्रकथांत, व्हिडिओ गेममध्ये, अद्भुत कादंबऱ्यांत ही कल्पना फिरून फिरून येते आणि दर वेळी मी तिच्यापाशी थांबते. बहुतेकदा एका जागी मन खट्टू होतं. ते शस्त्र हमखास मारेकऱ्याच्या हाती दिलेलं असतं. तो दिवे मालवतो, काळोखात वावरतो, आणि अंधार जितका गडद तितकं त्याचं बळ वाढत जातं.

पण अंधारात सावली नसते. सावली पडायला प्रकाश लागतो, तो अडवणारं अंग लागतं आणि ती झेलणारी जमीन किंवा भिंत लागते. तिघांतलं एक काढलं की हात रिकामा. काळोखात शिरणारा तो मारेकरी आपलं शस्त्र दाराबाहेर ठेवूनच आत शिरतो. ज्याला हे शस्त्र चालवायचं आहे त्याला उजेडात यावं लागणार, आणि उजेडात आलेला माणूस समोरच्याला दिसणार. या कल्पनेचा सगळा जीव मला इथे आहे असं वाटतं. गेले बरेच दिवस मी एक दीर्घकथा लिहिते आहे, तिच्यात सगळी शस्त्रं सावल्यांची आहेत, आणि तिचे नियम ठरवताना मी जादूपेक्षा उन्हाकडे जास्त पाहिलं.

उन्हात पुष्कळ काही सापडतं. आपल्याला सूर्य बिंदूसारखा दिसत नाही, जवळजवळ अर्धा अंश रुंदीची तबकडी दिसते. म्हणून कुठल्याही वस्तूच्या सावलीला दोन भाग असतात: आतली दाट प्रच्छाया आणि कडेची विरळ उपच्छाया. सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे, त्यामुळे वस्तूची प्रच्छायाही तिच्या रुंदीच्या साधारण १०८ पट अंतरावर संपते. दीड सेंटिमीटर जाडीच्या बोटाची दाट छाया जेमतेम १.६ मीटर टिकते. सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावर असताना, म्हणजे ४५ अंशांवर, हात खाली सोडून उभं राहिलं तर जमिनीवर पाचही बोटं ओळखू येतात. तोच हात डोक्यावर उंच केला की किरणाला बोटांपासून जमिनीपर्यंत पावणेतीन मीटरांच्या आसपास जावं लागतं, आणि बोटं विरघळून जातात. मी हे अंगणात उभी राहून पुन्हा पुन्हा केलं आहे. स्वतःची बोटं अशी पुसली जाताना पाहून अंगावर काटा येतो.

याच हिशेबाने सावलीची कड किती पुसट होणार तेही ठरतं. अंगापासून किरण एक मीटर गेला की कडेला सुमारे नऊ मिलिमीटरची धूसर किनार तयार होते, दोन मीटरांवर ती दुप्पट. पायाशी मात्र, जिथे टाच जमिनीला टेकलेली असते तिथे, किनार जवळजवळ नसतेच. सावलीची सगळ्यात तीक्ष्ण जागा म्हणजे मालकाचे पाय. डोक्याकडे जावं तशी ती बोथट होत जाते.

मला हे उमगलं तेव्हा माझ्या कथेतली सगळी युद्धं मोडून पुन्हा मांडावी लागली. धातूच्या तलवारीची मूठ गुळगुळीत असते आणि धार पुढे. सावलीच्या शस्त्राची धार मालकाला चिकटून असते आणि दूरचं टोक धुरकट. लांबून वार केला तर तो धक्का होईल, जखम होणार नाही. खरोखर कापायचं असेल तर समोरच्याला आपल्या पायांपाशी येऊ द्यावं लागेल, त्याचा श्वास ऐकू येईल इतकं. शिवाय उचलताना पहिलं रक्त उचलणाऱ्याच्याच हातातून येणार, कारण सावली अंगापासून सोडवायची ती तिच्या सर्वांत धारदार जागी.

मग लांबी. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली उंचीइतकीच असते. ६० अंशांवर पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाची सावली एक मीटर भरते. सूर्य २० अंशांवर उतरला की एक मीटर उंचीच्या मुलाची सावली पावणेतीन मीटर होते. म्हणजे मावळतीकडच्या उन्हातलं पोर भर दुपारच्या धिप्पाड गड्यापेक्षा पावणेतीनपट लांब शस्त्र बाळगून असतं. अंगाच्या थोरपणावर इथे काहीच ठरत नाही, तुम्ही कोणत्या वेळी उभे आहात यावर ठरतं. पण लांबी वाढते तशी धार जाते, हे विसरून चालत नाही. सूर्य पाच-सहा अंशांच्याही खाली गेला की डोक्यापासून जमिनीपर्यंतचा किरण सोळा मीटरांहून लांब होतो आणि डोक्याची प्रच्छाया संपते. उरते ती केवळ उपच्छाया. मावळत्या उन्हात आपल्याला स्वतःची सावली अवाढव्य दिसते खरी, पण त्या अवाढव्य माणसाला डोकं जवळजवळ नसतं.

दोन अयनवृत्तांच्या, म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या, मधल्या प्रदेशात वर्षातून दोनदा असा मध्यान्ह येतो की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या माणसाची सावली पायांखालीच राहते. त्या काही क्षणांत माझ्या कथेतलं आख्खं राज्य निःशस्त्र होतं. दाट ढगांच्या दिवशीही तेच: प्रकाश सगळीकडून येतो, कड नावाची गोष्ट राहत नाही. चार दिव्यांच्या मधोमध उभं राहिलं तर चार सावल्या पडतात, पण प्रत्येक सावलीत उरलेल्या तिघांचा प्रकाश शिरतो म्हणून चारही दुबळ्या. शस्त्रक्रियेच्या खोलीतला मोठा दिवा याच तत्त्वावर बांधलेला असतो. प्रकाश इतक्या बाजूंनी येतो की डॉक्टरांच्या हाताची सावली जखमेवर पडत नाही. माझ्या कथेतले वैद्य म्हणूनच सर्व बाजूंनी उजळलेल्या खोल्यांत काम करतात, आणि तिथे पाऊल ठेवणारा प्रत्येक जण आपोआप हत्यार खाली ठेवतो.

दुसरा एखादा सूर्य कल्पायचा तर तेही करून पाहता येतं. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट दूर आहे, तिथून सूर्याची तबकडी तीसपट लहान दिसते. त्या अंतरावर सावलीची कड तीसपट रेखीव होईल. पण प्रकाशही नऊशेपट कमी. तिथलं सावलीचं पातं केसाइतकं बारीक आणि तितकंच फिकं. ज्यांना परग्रहावरच्या कथा लिहायच्या आहेत त्यांनी हे जरूर वापरावं.

एवढं झाल्यावर खरा अवघड प्रश्न येतो: सावली उचलून हाती घेतली तर अंगातून काय गेलं?

आपल्या पुराणकथांत अंगातून काढलेली शस्त्रं आहेत. दधीचींच्या अस्थींचं वज्र झालं, पण ते इंद्राने चालवलं. देणारा एक आणि मारणारा दुसरा. कर्णाने जन्मासोबतची कवचकुंडलं कापून दिली आणि बदल्यात इंद्राकडून एकदाच वापरता येणारी शक्ती घेतली. ती अर्जुनासाठी राखून ठेवली आणि खर्च झाली घटोत्कचावर. कर्णाची गोष्ट सावलीच्या शस्त्राला जास्त जवळची आहे, कारण तिथे अंगाचं संरक्षण सोलून त्याचं मारण्याच्या साधनात रूपांतर होतं आणि दोन्हीचा मालक एकच राहतो. मात्र कर्णाला काय गेलं ते स्पष्ट दिसतं. सावली गेलेल्या माणसाचं काय गेलं?

आडेलबेर्ट फॉन शामिसो या लेखकाने १८१४ साली जर्मनमध्ये अशी एक गोष्ट प्रसिद्ध केली होती. तिच्यातला तरुण आपली सावली करड्या कोटातल्या एका माणसाला देतो आणि कधीही रिकामी न होणारी थैली घेतो. तो करडा माणूस गुडघ्यांवर बसून गवतावरची सावली हलकेच सोडवतो, गुंडाळतो, घडी घालून खिशात ठेवतो. तरुणाकडे पैसा अमाप येतो, पण त्याला सावली नाही हे लक्षात आलं की लोक त्याच्यापासून दूर होतात. अंगाने तो धडधाकट असतो. माणसांत मोजला जाणं तेवढं थांबतं.

माणसांत मोजलं जाणं आणि सावली यांचं नातं महाभारताच्या वनपर्वात फार सुंदर आलं आहे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम चौघेही नळाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. ती देवांनाच विनवते, आणि मग त्यांच्या खुणा तिला दिसतात: घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ आहे, घाम आहे, माळ सुकली आहे, आणि त्याची सावली पडली आहे. दमयंती माळ घालते ती सावली पडलेल्याला. ही जागा मी किती वेळा वाचली असेल सांगता येत नाही. मरणाऱ्यालाच सावली असते, आणि म्हणून सावलीचं शस्त्र कुठल्याही देवाच्या भात्यात असू शकत नाही. त्याच्याकडे वज्र असेल, चक्र असेल. हे एक मात्र मर्त्याच्याच वाट्याचं.

आणि गंमत अशी की देवांची काही थोर शस्त्रं जिथे घडली त्याच कथेत एक सावलीही आहे. सूर्याचं तेज सोसवेना म्हणून त्याची पत्नी संज्ञा आपल्या जागी आपली छाया ठेवून निघून गेली. पुढे तिच्या पित्याने, विश्वकर्म्याने, सूर्याला यंत्रावर धरून त्याचं तेज तासलं. विष्णुपुराण सांगतं की आठवा भाग निघाला, आणि त्या तासातून विष्णूचं चक्र झालं, शिवाचा त्रिशूळ झाला, कार्तिकेयाची शक्ती झाली. प्रकाशाच्या कपच्यांची शस्त्रं झाली आणि छाया घर सांभाळत राहिली, मुलं वाढवत राहिली. तिला कुणी धार लावली नाही. तरी तिच्याजवळही एक शस्त्र होतं: तिने रागाच्या भरात यमाला शाप दिला, आणि आई असा शाप देईल का, या शंकेतूनच ती खरी संज्ञा नसल्याचं उघड झालं. वार केला आणि ओळख पटली. माझ्या कथेत मी हा नियम म्हणून घेतला आहे. सावलीने घाव घातला की त्या घावाच्या कडेवर मालकाची आकृती उमटते. खून कुणी केला हे विचारावं लागत नाही.

सावली हातात घेतल्याने आणखी एक दार उघडं राहतं. सुंदरकांडात हनुमान समुद्रावरून चालला असता सिंहिका राक्षसीने पाण्यावरची त्याची सावली पकडली आणि वर आकाशात त्याची गती खुंटली. अंगाला तिने बोटही लावलं नव्हतं. सावली हाताशी आली की माणूस हाताशी येतो. म्हणून माझ्या योद्ध्यांना सगळ्यात मोठी भीती असते ती शत्रूने आपलं पातं मुठीत धरण्याची. पोलादाची तलवार हिसकावली गेली तर सोडून पळता येतं, सावली सोडून कुठे पळणार?

याचा अर्थ असा की हे शस्त्र विकता येत नाही, वारशाने देता येत नाही, कोठारात रचून ठेवता येत नाही. शस्त्रांचा आपल्याला माहीत असलेला सगळा इतिहास हात बदलण्याचा आहे. एकाने घडवलं, दुसऱ्याने विकत घेतलं, तिसऱ्याने लुटलं, चौथ्याच्या पोराने ते झाडून कुणावर तरी रोखलं. सावलीच्या जगात शस्त्रं आणि माणसं यांची संख्या एकच असते, आणि प्रत्येक वाराच्या मागे एक माणूस स्वतः हजर असतो. मला हे हजर असणं फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण कथेतलं नाही, ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळचं आहे.

हिरोशिमातल्या सुमितोमो बँकेच्या शाखेबाहेरच्या दगडी पायऱ्यांवर त्या सकाळी कुणीतरी बसलं होतं. सव्वाआठ वाजता बाँब फुटला. स्फोटाखालच्या जमिनीवरच्या बिंदूपासून ती जागा सुमारे २६० मीटरांवर. उष्णतेच्या झोताने आजूबाजूचा दगड पांढुरका पडला आणि जिथे ती व्यक्ती बसली होती तेवढी जागा काळसर राहिली. त्या पायऱ्या आता तिथल्या शांती स्मारक संग्रहालयात आहेत. शहरात अशा सावल्या अनेक ठिकाणी उमटल्या, पुलांच्या कठड्यांच्या, झडपांच्या. अभ्यासकांनी त्यांच्या कडांवरून रेषा मागे नेत नेत स्फोट नेमका कुठे आणि किती उंचीवर झाला ते काढलं. सावल्यांनी साक्ष दिली.

बाँब टाकणारं विमान साडेनऊ किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून उडत होतं. त्या बी-२९ जातीच्या विमानाच्या पंखांचा पसारा ४३ मीटर. मी १०८ चा हिशेब इथे लावून पाहिला. तेवढ्या व्यासाची भरीव तबकडी जरी त्या उंचीवर धरली असती तरी तिची दाट छाया साडेचार किलोमीटरांच्या थोडं पुढे हवेतच संपली असती. विमानाचं अंग तर त्याहून कितीतरी अरुंद. म्हणजे त्या विमानाची सावली हिरोशिमावर पडतच नव्हती. ज्याची सावली जमिनीवर पोचत नाही अशाने, जमिनीवरच्या माणसाची सावली तेवढी शिल्लक ठेवली. हा हिशेब केल्यानंतर दोन-तीन दिवस मी कथेला हात लावू शकले नाही.

सावलीच्या शस्त्राला मी काळी विद्या मानत नाही ते यामुळे. ज्याची सावली तुमच्यापर्यंत पोचते तो तुमच्या जवळ उभा आहे, त्याच्या अंगावर तुमच्याच अंगावरचं ऊन आहे, आणि तो मरू शकतो. उंचावरून, आडोशातून, नावगाव लपवून मारणाऱ्यांच्या हातून हे शस्त्र आपोआप गळतं. ज्यांना त्यात गूढ आणि क्रूर असं काही दिसतं त्यांनी एकदा उघड्यावर उभं राहून आपली सावली नीट बघावी. पृथ्वीची स्वतःची सावली अवकाशात सुमारे १४ लाख किलोमीटर लांब जाते, आणि रात्री आपण सगळे तिच्या आत असतो. त्या सावलीत आपल्या सगळ्यांच्या छोट्या सावल्या बुडून जातात, शत्रूच्याही. सावली मुळात इतकी सामायिक गोष्ट आहे.

तरीही या रचनेला एक भोक आहे, आणि ते मला बराच काळ छळत होतं. प्रेताचीही सावली पडते. प्रकाशाला समोरचं अंग जिवंत आहे की नाही याचं काही नसतं. मग रणात पडलेल्यांच्या सावल्या कुणी लुटल्या तर? तसं झालं तर माझं सगळं जग साध्या तलवारींच्या जगासारखं होतं, कोठारं आली, व्यापार आला. उत्तर मला पुन्हा उन्हानेच दिलं. आडव्या पडलेल्या माणसाची सावली जवळजवळ सगळी त्याच्या अंगाखाली असते. ती ओढून काढायला कड बाहेर यावी लागते. म्हणजे मेलेल्याला उभं करावं लागणार, आणि तो उभा आहे तोवरच ती सावली चालणार.

हे उत्तर मिळाल्यावर समाधान वाटलं नाही, कारण लगेच दिसलं की माणसं हेही करतील. हाव असली की करतील. माझ्या कथेत आता असे लोक आहेत. ते दुपार उतरल्यावर रणात फिरतात, खांब रोवतात, प्रेतं खांबांना टेकवून उभी करतात, आणि ऊन तिरपं होऊन सावल्या लांबायची वाट बघतात. काही जण ती उभी प्रेतं गाड्यांवर लादून पुढच्या लढाईला नेतात.

आणि एक बाई आहे जी त्यांच्या मागोमाग जाते. दोर कापते, प्रेत खांद्यावर घेऊन सावकाश खाली टेकवते, आडवं करते, पुढच्याकडे वळते. ती लढवय्यी आहे, पण हे करताना लढू शकत नाही. या कामात सतत वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाची सावली आखडून अंगाखाली येते. म्हणून तिला एकटीने जाता येत नाही. ती वाकलेली असताना शेजारी ताठ उभं राहील, पूर्ण उन्हात, असं कुणीतरी सोबत हवं. आधी मी तिला भाऊ दिला होता, तो काढला. आता शत्रूच्या बाजूचा एक म्हातारा पहारेकरी मनात आहे, ज्याचा मुलगा त्याच खांबांपैकी एकाला टेकवलेला आहे. तो तिच्यासोबत जाईल असं मला वाटतं. ते प्रकरण मी सध्या लिहिते आहे.